परदेशात इंग्रजीचे अध्यापन : एक व्यवसाय

इंग्रजी घेऊन बी. ए. होणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे बहुधा दोनच वाटा दिसतात : बी. एड. करून शाळा, नाहीतर एम. ए. करून महाविद्यालय. परदेशी जाऊन इंग्रजी शिकविणे ही तिसरी वाट. ती सुचविताच विचारले जाते, "ज्यांची ती मातृभाषा, ते असताना आपल्याला कोण बोलावणार?"

शंका रास्त आहे. दक्षिण कोरियात सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक नेमण्याची योजना १९९५ साली निघाली, ती मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आदी सात इंग्रजीभाषिक देशांच्या नागरिकांसाठी. त्यांना व्हिसासाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते. २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यालाही साहाय्यक शिक्षकाचे दार किलकिले झाले. मात्र आपल्याकडून इंग्रजीची पदवी आणि वर शिक्षकाची अर्हताही मागितली जाते. ज्ञानापेक्षा पासपोर्ट मोठा ठरावा, हे प्रस्तुत लेखकास मुळीच पटत नाही.

कारण दुसऱ्याची भाषा कष्टाने शिकलेल्याजवळ एक भांडवल असते. जपानीतले 'गाक्को नि इकु' घ्या. शब्दशः 'शाळेला जातो'. क्रियापद शेवटी, विभक्तीदर्शक शब्द नामाच्या मागे, अगदी मराठीसारखे. 'अ' आणि 'द' ही इंग्रजी उपपदे जपानीत नाहीत, कोरियनमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत. 'द' कुठे घालावा यासाठी आपण शाळेत किती छड्या खाल्ल्या ते आठवावे! जपानी मूल नेमके कुठे अडखळेल, हे लंडनच्या तरुणाला वर्गात गेल्यावर कळते. आपल्याला ते आधीच ठाऊक असते.

अर्थात ठाऊक असणे निराळे, शिकविणे निराळे. जपानची १९८७ पासूनची 'जेट' योजना शिक्षकाची अर्हता मागत नाही, पण तेथे जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. पुढे काय? नोकरीचा व्यवसाय व्हायचा तर पद्धतिशास्त्र शिकलेच पाहिजे. केंब्रिजचा 'सेल्टा' किमान १२० तासांचा असून त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते. हैदराबादची इंग्रजी अध्यापनाची संस्था तर १९५८ पासून आहे. आज ती विद्यापीठ आहे.

आणि या शास्त्रात आपण केवळ घेणारे नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत व्याकरणाची क्रमवार यादी बाजूला ठेवली आणि रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे यांवरची कोडी सोडवून घेत इंग्रजी शिकविले. हा 'बंगलोर प्रकल्प' जगभर अभ्यासला जातो. प्रभू पुढे सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक होते.

जाण्याचे ठरल्यास करारपत्र नीट वाचावे. आठवड्याचे तास किती, घर कोणाचे, परतीचे भाडे कोण देणार, हे त्यात लिहिलेले असावे. "आधी पर्यटक म्हणून या, कागद मागाहून करू," असे जो सांगेल, त्याच्या पत्राला उत्तरही पाठवू नये.