शर्यतीचे शिरस्त्राण : घट्टपणा आणि सोय
(इयत्ता ६ वी व ७ वी, सामान्य विज्ञान : पाठटिपण)

पाठाचा हेतू : आघात म्हणजे काय, तो सौम्य कसा करता येतो आणि नवे घट्ट शिरस्त्राण सोयीचे करताना कोणत्या भागास हात लावावा व कोणत्या भागास लावू नये, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

साहित्य : शिंप्याची मोजपट्टी, स्पंजाचा तुकडा, एखाद्या यंत्राच्या वेष्टनातील थर्माकोलचा तुकडा, आणि मिळाल्यास एक हेल्मेट.

प्रास्ताविक : शर्यत म्हटली की खेड्यातील मुलांस बैलगाड्यांची शर्यत आठवते. मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यतीही आपल्या देशात चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टै आणि कोइमतूर येथील मार्गांवर होतात. ह्या स्पर्धकांस शिरस्त्राणावाचून मार्गावर उतरता येत नाही. १९५६ साली अमेरिकेत पीट स्नेल हा मोटारचालक शर्यतीतील अपघातात डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. परंतु ते त्यास वाचवू शकले नाही. पुढे १९५७ साली त्याच्या स्मरणार्थ एक संस्था स्थापन झाली व शिरस्त्राणांची कसोटी घेण्याचे कार्य तिने हाती घेतले. शिरस्त्राण नुसते डोक्यावर असून भागत नाही, ते योग्य रचनेचे व योग्य मापाचे असावे लागते, हा बोध ह्या उदाहरणावरून करून द्यावा.

रचना : शिरस्त्राणाचे मुख्य भाग तीन. बाहेर कठीण कवच. त्याच्या आत थर्माकोलच्या जातीचा जाड थर. आणि सर्वांत आत स्पंज व कापड ह्यांचे मऊ अस्तर. कवच आघात पसरविते. मधला थर स्वतः चिरडला जातो व डोक्यास थांबण्यासाठी थोडे अंतर मिळवून देतो. अस्तर शिरस्त्राण डोक्यावर नीट बसविते.

थोड्या अंतराचे महत्त्व गणिताने दाखवावे. डोके १८० सें.मी. उंचीवरून पडले व ३ सें.मी. अंतरात थांबले, तर वेग कमी होण्याचा सरासरी दर गुरुत्वप्रवेगाच्या ६० पट होतो (१८० ÷ ३). तेच अर्ध्या सें.मी.मध्ये थांबले, तर तो ३६० पट होतो. उंची तीच, परंतु मेंदूस बसणारा धक्का सहापट.

प्रयोग : प्रथम स्पंज अंगठ्याने दाबून सोडण्यास सांगावे. तो पूर्ववत् फुगतो. नंतर थर्माकोल तसाच दाबण्यास सांगावे. त्यास खळगा पडतो व तो भरून येत नाही. जो भाग एकदा चिरडला गेला, तो दुसऱ्या वेळी आघात शोषू शकत नाही. म्हणूनच अपघातात मार बसलेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले, तरी पुन्हा वापरावयाचे नसते. सोय साधावयाची ती स्पंजात. थर्माकोलच्या थरास धक्का लावावयाचा नाही. हेच ह्या पाठाचे सार होय.

माप घेण्याची रीत : मोजपट्टी भुवयांच्या वर सुमारे अडीच सें.मी. ठेवून, कानांच्या वरून, मागील सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. दोनतीनदा मोजून सर्वांत मोठे माप घ्यावे. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या डोक्यांची मापे घेऊन तक्ता करावा. परीघ सारखा असूनही कोणाचे डोके गोल, तर कोणाचे लांबट असते, हे त्यांच्या ध्यानात येईल.

नवे शिरस्त्राण सोयीचे करणे :
१. दोन्ही बाजूंचे पट्टे बाहेर ओढून धरून शिरस्त्राण घालावे, म्हणजे कान दुमडत नाहीत. मोटारशर्यतीचा स्पर्धक आत अग्निरोधक कानटोपी घालतो. त्याने ती घालूनच माप पाहावे.
२. शिरस्त्राण हातांनी धरून डावीउजवीकडे हलवावे. गालांची व कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा बांधून मागून पुढे ढकलले असता ते निघता कामा नये.
३. घरी बसून प्रत्यही अर्धा तास ते घालावे. गाल सर्वत्र सारखे दाबले जात असतील, तर काही दिवसांत अस्तर मऊ पडून दाब कमी होतो.
४. गालांवरील दाब तरीही असह्य वाटला, तर त्याच निर्मात्याच्या कमी जाडीच्या गालगाद्या मिळत असल्यास त्या बसवाव्यात.
५. कपाळावर एकाच ठिकाणी वेदना होऊन लाल वळ उठत असेल, तर ते शिरस्त्राण त्या डोक्याच्या आकाराचे नव्हे. ते वापरून सैल होईल, ही आशा व्यर्थ होय. ते बदलून घ्यावे.

वर्ज्य गोष्टी : आतील थर चमच्याने दाबणे, सुरीने खरवडणे, इस्त्रीने तापविणे किंवा आत मोठा चेंडू कोंबून ठेवणे, हे उपाय शिरस्त्राणाचा प्राणच घेतात. पेट्रोल व टर्पेंटाइन ह्यांनी हा थर विरघळतो. वर्गात मात्र हा प्रयोग करून दाखवू नये, कारण त्यात आगीचा धोका आहे. मोटारसायकलच्या आरशावर शिरस्त्राण टांगून ठेवण्याची सवयही वाईट. आरशाची कड आतील थरात रुतते. सुटे होणारे अस्तर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे.

गावाशी संबंध : शर्यतीचा स्पर्धक गावात क्वचितच आढळेल, परंतु मोटारसायकल आज जवळजवळ प्रत्येक वस्तीवर आहे, आणि घट्टपणाचा नियम तेथेही तोच आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी आय.एस.आय. चिन्ह असलेलेच शिरस्त्राण विकण्याचे बंधन आहे. खरेदी करताना हे चिन्ह पाहावे, हे मुलांनी घरी सांगावे. पालक मुलांसाठी वस्तू घेताना ती पुढे दोन वर्षे पुरावी, असा हिशेब करतात. वाढत्या अंगाचा सदरा शिवता येतो, पण वाढत्या मापाचे शिरस्त्राण घेता येत नाही. सैल शिरस्त्राण पडतेवेळी डोक्यावर राहील, ह्याचा भरवसा नसतो. पालकसभेत शिक्षकांनी ही गोष्ट आवर्जून सांगावी.

स्वाध्याय :
१. स्पंज व थर्माकोल ह्यांत दाब काढल्यावर कोणता फरक दिसतो?
२. १५० सें.मी. उंचीवरून पडलेली वस्तू २ सें.मी. अंतरात थांबली, तर वेग कमी होण्याचा सरासरी दर गुरुत्वप्रवेगाच्या किती पट होईल?
३. घरातील शिरस्त्राण मोठ्यांच्या देखत तपासून त्यावरील चिन्ह, आतील खळगे व पट्ट्याची स्थिती वहीत नोंदवा.