अत्ताया: एका पत्तीचा तीन फेऱ्यांचा चहा

आपल्या सोनपेठात पाहुणा टेकला की पाच मिनिटांत दुधाचा चहा येतो, आणि कप खाली ठेवताच पाहुणा उठतोही. सेनेगल, माली, गांबियाकडे चहा पाहुण्याला तास-दोन तास बसवून घेतो. एकाच पत्तीचा चहा तीनदा होतो आणि प्रत्येक फेरीला गप्पा पुढे सरकतात. निवांत दुपारी ओसरीवर हा अत्ताया जरूर करून पाहावा.

साहित्य, चार-पाच जणांसाठी: गोळीसारखा वळलेला हिरवा चहा 25 ग्रॅम, साखर, पुदिन्याची जुडी, पाणी, लहान किटली, काचेचे छोटे पेले. पत्ती हिरवीच हवी. आपली दाणेदार काळी पत्ती पहिल्याच उकळीत सगळा रंग सोडते, तिसऱ्या फेरीला तिच्यात काही उरत नाही. हा चिनी हिरवा चहा 19व्या शतकात ब्रिटिश व्यापाऱ्यांनी मोरोक्कोत रुजवला आणि तिथून सहारा ओलांडून तो खाली उतरला.

शेगडीत कोळसा पेटवून ती अंगणात ठेवावी. बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर घातक ठरतो. गॅसवर करायचा तर आच अगदी मंद ठेवावी.

पत्तीवर थोडं उकळतं पाणी घालून हलवावं आणि ते फेकून द्यावं. मग दीड कप पाणी घालून पंधरा मिनिटं उकळू द्यावं. चहा दाट आणि कडू व्हायला हवा. आता पाच-सहा चमचे साखर घालावी.

यानंतरचं काम फेसाचं, आणि सगळी कला त्यातच आहे. थोडा चहा एका पेल्यात घ्यावा आणि हात उंच करून बारीक धारेने दुसऱ्या पेल्यात ओतावा, पुन्हा परत. स्टँडवरचा चहावाला चहा वर-खाली करतो तसाच, पण हात संथ हवा. पेल्याच्या तळाशी पांढरट फेस जमतो. चहा किटलीत परत जातो, फेस पेल्यातच राहतो. प्रत्येक पेल्यात असा फेस जमेपर्यंत हे चालू ठेवावं. घाई केली की फेस विरतो आणि चहा पातळ, उघडा दिसतो. बाहेरून चिकट झालेले पेले पाण्याने पुसून घ्यावेत, चहा पुन्हा तापवावा आणि फेसावर अर्धा पेला ओतावा. आधी वडीलधाऱ्यांना द्यावा. तिकडे चहा करायला बहुधा घरातलं तरुण पोर बसतं, आपल्याकडेही कॉलेजच्या पोराला बसवावं.

पत्ती किटलीतच राहू द्यावी. दुसऱ्या फेरीला तेवढंच पाणी, मूठभर पुदिना आणि थोडी जास्त साखर. तिसरीला आणखी पुदिना, साखर पुन्हा वाढवून. पत्तीचा कडवटपणा आता उतरलेला असतो. उसाच्या या पट्ट्यात कुणी तिसऱ्या फेरीला गूळ घालायचं म्हटलं तर जरूर घालावा, दुधाचा संबंध नसल्याने फाटायची भीती नाही.

पहिली फेरी रिकाम्या पोटी घेऊ नये, सोबत भाजलेले शेंगदाणे ठेवावेत. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी संध्याकाळी हा चहा टाळावा. आणि उरलेली पत्ती तुळशीला घालायची असेल तर आधी नीट धुवावी, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात.