नाव बदलायचा हक्क कुणाला?

जुलै २०२२. मुंबईत मंत्रिमंडळाचा निर्णय झाला होता, केंद्राची मंजुरी यायची होती, अधिसूचना तर लांबच. पण गूगलच्या नकाशावर औरंगाबादचे संभाजीनगर होऊन गेले. तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी गूगलला जाहीरपणे विचारले, हा बदल कशाच्या आधारावर केलात? प्रश्न राजकीय होता. विकी, म्हणजे विकिपीडियासारखे अनेकांनी मिळून लिहायचे संकेतस्थळ, चालवणाऱ्या माणसाला मात्र त्यात आणखी तीन प्रश्न ऐकू आले. बटण कुणी दाबले, त्याला ते दाबायची मुभा कुणी दिली आणि याची नोंद कुठे आहे? नकाशा बघणाऱ्या सामान्य माणसाला ही उत्तरे मिळत नाहीत. विकीवर मिळतात, निदान मिळायला हवीत.

सरकारी कागदावर हे काम किती हातांतून गेले ते शहराला पाठ आहे. १९९५ मध्ये युती सरकारने मसुदा अधिसूचना काढली, ती २००१ मध्ये मागे घेतली गेली. २९ जून २०२२ रोजी ठाकरे सरकारने ‘संभाजीनगर’ मंजूर केले, १६ जुलैला शिंदे सरकारने त्याला ‘छत्रपती’ जोडले, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राच्या संमतीने शहराचे नाव बदलले. जिल्हा आणि विभागाची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली, उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका मे २०२४ मध्ये फेटाळल्या. म्हणजे शहर, जिल्हा, विभाग यांची नावे एका सहीने बदलली नाहीत. प्रत्येकासाठी वेगळा कागद लागला. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद अशी नावे आधीच पाहिलेल्या आणि विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ असा दीर्घ संघर्ष अनुभवलेल्या या शहराला हे समजावून सांगावे लागत नाही.

विकीवर तेच काम काही सेकंदांत होते. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेखाचे नाव बदलण्याला ‘स्थानांतरण’ म्हणतात. लेख इतिहासासकट नव्या शीर्षकाखाली जातो आणि जुन्या शीर्षकावर पुनर्निर्देशन उरते. लक्षात ठेवायची गोष्ट ही की स्थानांतरणाचा अधिकार संपादनाच्या अधिकारापासून वेगळा आहे. लेखाचा मजकूर सर्वांना बदलू द्यायचा पण शीर्षक फक्त प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या सदस्यांना, असे कुलूप लावता येते. ही सोय सुखासुखी वापरात आलेली नाही. २००४-०५ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावर एक टोपणनावी महाभाग धडाधड लेखांच्या शीर्षकांना ‘ऑन व्हील्स’ हे शेपूट लावत सुटला. एक स्थानांतरण उलटवायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात तो आणखी काही करून टाकी. त्यानंतर नव्याकोऱ्या खात्यांना शीर्षक बदलण्याची मुभा राहिली नाही. आज तिथे खाते चार दिवस जुने आणि दहा संपादने झालेले असावे लागते.

संस्थेचा विकी उभारणारे लोक इथेच पहिली गफलत करतात. ‘परवानगी’ म्हणजे एकच कुलूप, ते उघडे तरी किंवा बंद तरी, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात वाचणे, संपादन करणे, नवे पान तयार करणे, शीर्षक बदलणे, फाइल चढवणे, पान वगळणे, सदस्याला प्रतिबंध करणे आणि दुसऱ्याला अधिकार देणे हे सगळे सुटेसुटे अधिकार आहेत. शेवटचा सर्वांत जड.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथे ही उतरंड रोजच्या शब्दांत दिसते. कुणीही अनामिक, खाते असलेला सदस्य, थोडा जुना झाल्यावर ‘स्वयंशाबीत’ सदस्य, यंत्रवत कामे उरकणारे ‘सांगकामे’, पाने वगळू आणि सुरक्षित करू शकणारे ‘प्रचालक’ आणि प्रचालकपद बहाल करणारे ‘स्वीकृती अधिकारी’. वाद घालायला चावडी आहे. प्रचालक हा लेखांचा मालक नसतो. लेखात काय असावे यात त्याचे मत इतरांइतकेच मोजायचे, असा संकेत आहे. हा संकेत कागदावर सोपा आहे, पाळताना कस लागतो.

तो न पाळल्यास काय होते ते क्रोएशियन विकिपीडियावर जगाने पाहिले. २०११ ते २०२० या काळात प्रचालकांच्या एका टोळक्याने तो विकी जवळजवळ ताब्यात ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले गेले आणि हरकत घेणाऱ्या संपादकांना प्रतिबंध झाले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल काढला. त्यातली नोंद घेण्याजोगी बाब म्हणजे घुसखोरी झाली नव्हती, पासवर्ड चोरला गेला नव्हता. सगळे अधिकार रीतसर दिलेले होते, फक्त ते देणारे, वापरणारे आणि तपासणारे एकाच गोटातले होते. छोट्या भाषांच्या विकींना हा धोका जास्त, कारण माणसेच मोजकी. म्हणूनच अनेक विकींवर प्रचालकपद देण्याचा हक्क स्थानिक असतो, पण काढून घेण्याचे बटण जगभरच्या समुदायाने निवडलेल्या ‘स्ट्युअर्ड’च्या हाती राहते.

आणि पासवर्ड चोरीला गेला तर? नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘अवरमाइन’ नावाच्या टोळीने विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांच्याच खात्यात शिरकाव केला. पाठोपाठ इतर काही प्रचालकांची खातीही गेली. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरण्याची सवय त्याच्या मुळाशी होती. त्यानंतर प्रचालकांना दुहेरी पडताळणी मिळाली. २०१८ मध्ये आणखी एक शहाणपणाची फाळणी झाली: सगळ्या वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्ट कोड बदलण्याचा अधिकार सामान्य प्रचालकांकडून काढून ‘इंटरफेस प्रशासक’ या वेगळ्या, छोट्या गटाकडे दिला गेला. लेख वगळायला विश्वासू माणूस पुरतो. लाखो लोकांच्या संगणकावर चालणारी ओळ लिहायला त्याहून थोडे अधिक लागते.

दार किती उघडे ठेवायचे याचे उत्तर प्रत्येक विकीने ठेच खाऊन शोधले आहे. २००५ मध्ये जॉन सीगनथेलर या अमेरिकी पत्रकाराविषयी एका अनामिकाने धादांत खोटा लेख लिहिला आणि तो काही महिने तसाच राहिला. त्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने अनामिकांचा नवे पान तयार करण्याचा अधिकार काढला. असलेली पाने सुधारण्याचा तसाच ठेवला. पोर्तुगीज विकिपीडियाने २०२० मध्ये अनामिकांचे संपादनच थांबवले. वादग्रस्त विषयांसाठी इंग्रजीत आणखी वरची पायरी आहे: खाते तीस दिवसांचे आणि संपादने पाचशे.

या पायऱ्या आता न्यायालयांपर्यंत पोचल्या आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ‘छावा’ चित्रपट गाजत असताना, इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदवला. त्याआधी, २०२४ मध्ये, एएनआय ही वृत्तसंस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तिच्या तक्रारीत मजकुराबरोबरच लेखावर लावलेल्या संपादन-निर्बंधाचाही मुद्दा होता. ‘कुणीही संपादन करू शकतो’ म्हणता आणि आम्हाला मात्र करू देत नाही, असा तिचा रोख. विकीच्या बाजूने बघितले तर ज्याच्यावर लेख आहे त्यानेच तो लिहू नये, हा साधा नियम. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे स्वच्छ दिसते आणि सर्वसामान्य वाचकाला अशा लेखाच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या कुलपाच्या चित्राचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. ही उणीव विकिपीडियाची आहे.

विकिपीडियाएवढा पसारा कुणाच्या वाट्याला येत नाही. पण छत्रपती संभाजीनगरातही विकी चालतात. महाविद्यालयांचे विभाग, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने, सॉफ्टवेअरच्या लहान कंपन्या कामाच्या पद्धती, यंत्रांची माहिती, बैठकींचे वृत्तांत अशा ठिकाणी ठेवतात. सॉफ्टवेअर फुकट असते, एखादा हौशी तरुण एका दुपारी ते बसवून देतो आणि परवानग्यांचा विचार ‘नंतर’वर जातो.

मीडियाविकी बसवतानाच चार पर्याय विचारतो: सर्वांना खुला, खाते काढून संपादन, फक्त निवडक संपादक आणि पूर्ण खासगी. काहीच बदलले नाही तर पहिला लागू होतो, म्हणजे रस्त्यावरचा कुणीही वाचू शकतो, लिहू शकतो आणि खातेही काढू शकतो. पुढे कुणी भानावर आले की सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सदस्य’ गटाचा संपादन-अधिकार काढतो आणि काहीच फरक पडला नाही म्हणून चक्रावतो. कारण इथे अधिकारांची बेरीज होते. एका गटाने नाकारलेले दुसऱ्या गटाने दिले असेल तर ते मिळतेच. भडकल दरवाजा लावून घेतला आणि मकाई दरवाजा सताड उघडा ठेवला, तर शहर बंद झाले असे कुणी म्हणणार नाही. आधी ‘सर्वजण’ या गटाचा अधिकार काढायचा, मग हवा त्या गटाला द्यायचा. एखाद्या गटाला निक्षून नकार द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळी, अधिकार हिरावून घेणारी सेटिंग आहे, ती वापरावी.

शहरातल्याच एका संस्थेचा अंतर्गत विकी या लेखकाने जवळून पाहिला आहे. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. विकी पूर्ण खासगी होता. लॉगइन न करता एक ओळही दिसत नसे. पण चढवलेल्या फाइलींचा थेट पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की गुणपत्रके, पगाराचे तक्ते सगळे उघडत होते. पान दाखवताना विकी ओळख विचारतो, फाइल मात्र वेब सर्व्हर परस्पर देऊन टाकतो. उपाय सॉफ्टवेअरबरोबरच येतो: फाइलींचा फोल्डर बाहेरून बंद करायचा आणि त्या मीडियाविकीच्या प्रतिमा-तपासणी स्क्रिप्टमधून द्यायच्या. काम तासाभराचे. ते करायला हवे हे कुणाला माहीत नव्हते, एवढेच.

दुसरी हमखास मागणी येते ती ‘हे पान फक्त हिशेब विभागाला दिसू दे’ अशी. मीडियाविकीचे निर्मातेच सांगतात की पानागणिक वाचनबंदीसाठी हे सॉफ्टवेअर घडवलेले नाही. एक पान दुसऱ्या पानात समाविष्ट करता येते, शोधात तुकडे दिसतात, अलीकडील बदलांत शीर्षके उमटतात. गळती कुठूनही होते. विस्तार बसवून भोके बुजवण्यापेक्षा हिशेब विभागाला वेगळा विकी द्यावा, किंवा डोकुविकीसारखे सॉफ्टवेअर घ्यावे, जिथे प्रत्येक नामविश्वाला, म्हणजे पानांच्या कप्प्याला, वाचन, संपादन, निर्मिती, फाइल चढवणे आणि वगळणे असे पायरीपायरीने नियम लावता येतात. तिथे गणित वेगळे आहे: सर्वांत नेमका नियम जिंकतो. एका सॉफ्टवेअरची सवय दुसऱ्यावर चालवू नये.

विकीवर पासवर्ड लिहून ठेवण्याची खोड तर इतकी पसरलेली आहे की ती मोडायला शिक्षा ठेवावी असे वाटते. पानावरून पासवर्ड पुसला तरी जुन्या आवृत्तीत तो शाबूत असतो आणि इतिहास कुणालाही उघडता येतो. ती विशिष्ट आवृत्ती प्रचालकाने लपवायची आणि मग पासवर्डही बदलायचाच. दोन्ही करावे लागते.

माणसे सोडून जातात, खाती राहतात. मीडियाविकीत खाते पुसून टाकायची सरळ सोय नाही, कारण प्रत्येक संपादनाला नाव चिकटलेले हवे. तेव्हा निरोपसमारंभाच्याच दिवशी गट काढावेत आणि खात्याला प्रतिबंध लावावा. प्रशिक्षणार्थी मुलांना अधिकार देताना मुदत घालावी. २०१७ पासून ती सोय आहे आणि मुदत संपली की अधिकार आपोआप जातो. कुणी न काढलेली खातीही तपासावीत. गूगलच्या नकाशाचा वाद चालला होता त्याच जुलै २०२२ मध्ये ‘कॉन्फ्लुअन्स’ या कंपन्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या विकीबाबत उघड झाले की एक जोड-ॲप बसवताना परस्पर एक खाते तयार होत होते, त्याचा पासवर्ड सर्वत्र एकच होता आणि ते खाते नेहमीच्या वापरकर्त्यांच्या गटात असल्याने निर्बंध नसलेली सगळी पाने त्याला दिसत. तो पासवर्ड लवकरच ट्विटरवर फिरू लागला.

तेव्हा ज्यांच्या संस्थेत विकी आहे त्यांनी आज एवढे करावे. लॉगआउट करून, अनोळखी माणसासारखे, आपलाच विकी आणि त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. मग लॉगइन करून विशेष पानांतली गटांच्या अधिकारांची यादी आणि सदस्य-अधिकारांची नोंद वाचावी. प्रचालकांच्या गटात निम्मे कार्यालय दिसले तर ती नावे कमी करावीत; एकच नाव दिसले तर आणखी एक जबाबदार माणूस नेमावा, कारण तो एकटा रजेवर किंवा नोकरी सोडून गेला की विकीला कुणी वाली उरत नाही.