परसबागेतील सोनेरी बीट : साठवणीचा हिशोब पेरणीतच

परतीचा पाऊस थांबला की परसबागेत पालक, मुळा, गाजर यांच्या वाफ्यांची आखणी सुरू होते. यंदा त्यात एक वाफा सोनेरी बिटाला द्यायला हरकत नाही. हा लाल बिटाचाच भाऊबंद. त्याच्या कंदात लाल बीटासायनिनऐवजी पिवळे बीटाझँथिन हे रंगद्रव्य असते. त्यामुळे कोशिंबिरीतले दही गुलाबी होत नाही, हातही रंगत नाहीत. लाल बिटाचा मातकट वास ज्यांना नकोसा होतो, त्यांना याची सौम्य चव बहुधा आवडते.

थंड देशांत बीट एकदाच भरपूर लावतात, गोठवणारी थंडी पडण्याआधी काढतात आणि तळघरात ओल्या वाळूत महिनोन्‌महिने ठेवतात. ती रीत इथे उचलून चालत नाही. आपल्याकडे कंद जमिनीत सर्वांत चांगला वाढतो तो थंडीतच, आणि फेब्रुवारीत ऊन तापले की वाफ्यात राहिलेले बीट राठ होते. म्हणून घरच्या बिटासाठी थोडे थोडे, हप्त्याहप्त्याने पेरणे हाच साठवणीचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पेरणीचे वेळापत्रक

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिला हप्ता पेरावा. पुढे दर १५ दिवसांनी एकेक ओळ वाढवत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटचा हप्ता संपवावा. पेरणीपासून साधारण ६० ते ७० दिवसांत कंद काढणीला येतात. अशा रीतीने डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत ताजे बीट मिळत राहते. बर्पीज गोल्डन, टचस्टोन गोल्ड आणि बोल्डोर ही सोनेरी बिटाची नावाजलेली वाणे आहेत.

जमीन आणि बेवड

भुसभुशीत, निचऱ्याची आणि ६ ते ७.५ सामू असलेली जमीन हवी. काळ्या भारी जमिनीत १५ ते २० सेंमी उंचीचा गादीवाफा करावा. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि बिटाला आम्लता मानवत नाही. तिथे पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी माती तपासून चुना मिसळावा.

चौरस मीटरला दोन ते तीन किलो पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरते. ताजे शेण घातल्यास कंदाला फाटे फुटतात. युरियाचा हात सैल सोडला तर पाने माजतात आणि कंद पोसत नाही. बीट, पालक, चाकवत आणि राजगिरा एकाच कुळातले आहेत. त्यामुळे यांच्यापैकी एकाचा वाफा मोडून लगेच तिथे दुसरे लावू नये. मूग, चवळी किंवा घेवड्याचा बेवड उत्तम.

गच्चीवर लावायचे असल्यास किमान ३० सेंमी खोलीची कुंडी किंवा पिशवी घ्यावी. ३० सेंमी व्यासाच्या कुंडीत चार ते पाच रोपे ठेवावीत.

उगवणीकडे लक्ष

सोनेरी बिटाची खरी परीक्षा उगवणीत असते. लाल बिटाच्या तुलनेत त्याचे बी कमी आणि सावकाश उगवते, म्हणून ओळीत बी थोडे दाट टाकावे. बिटाचे खडबडीत ‘बी’ म्हणजे दोन-चार बियांचा चिकटलेला गुच्छ असतो. त्याच्या कवचात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. रात्रभर भिजवल्यावर ती पाण्यात उतरतात. सकाळी ते पाणी ओतून द्यावे, बी एकदा खळबळून धुवावे आणि लगेच पेरावे.

दोन ओळींत ३० सेंमी अंतर ठेवून बी १ ते १.५ सेंमी खोल टाकावे आणि वर चाळलेले गांडूळखत पसरावे. झारीने हलके पाणी द्यावे, वर पपडी धरू देऊ नये. अंकुर दिसेपर्यंत ओले गोणपाट अंथरून ठेवता येते. मात्र पहिले कोंब दिसताच ते काढून टाकावे. उगवणीला एक ते दोन आठवडे लागतात.

विरळणी, पाणी, भर

रोपे चार-पाच पानांची झाली की दोन रोपांत ८ ते १० सेंमी अंतर राखून विरळणी करावी. एका गुच्छातली रोपे उपटताना शेजारचे मूळ हलते, त्यामुळे नको असलेली रोपे कात्रीने जमिनीलगत कापावीत. सोनेरी बिटाच्या रोपाचा दांडा पिवळा असतो. लालसर दांड्याची भेसळ याच वेळी काढून टाकावी. कापलेली कोवळी रोपे भाजीत वापरावीत.

वाफसा सतत टिकेल इतके पाणी द्यावे. ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडल्यास कंद तडकतात. वाळलेल्या पाल्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते. कंदाचा वरचा भाग उघडा पडला की तिथली साल राठ होते, म्हणून खुरपणी करताना हलकी भर द्यावी. कंदाच्या आत काळे डाग पडले तर ती बोरॉनची कमतरता समजावी. पुढच्या पेरणीआधी चौरस मीटरला १ ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून शिंपडावे. मात्रा वाढवल्यास अपाय होतो.

मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. नागअळीने नागमोडी रेषा पाडलेली आणि ठिपक्यांच्या रोगाने डागाळलेली पाने तोडून नष्ट करावीत. पाणी पानांवर न देता बुंध्याशी दिल्यास ठिपके आटोक्यात राहतात.

काढणी

कंद ४ ते ६ सेंमी व्यासाचे झाले की मोठ्यांपासून सुरुवात करून आठवड्याला हवे तेवढेच उपटावेत. राहिलेल्यांना जागा मिळते आणि तेही पोसतात. आकाराच्या लोभाने थांबू नये, कारण मोठा कंद चोथट निघतो. एका रोपाची बाहेरची एक-दोन पानेच भाजीसाठी खुडावीत. या पानांत ऑक्झॅलेट भरपूर असते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेताने खावीत.

साठवण

कंद काढताच पाने कापावीत, कारण ती कंदातील ओल ओढून घेतात. देठ २ ते ३ सेंमी ठेवावा आणि खालची शेपटी तोडू नये. जखम झाली की रस गळतो आणि कुज लागते. कंद धुऊ नयेत, सावलीत तासभर सुकवून माती झटकावी. इजा झालेले आधी खाऊन टाकावेत. बाकीचे भोके पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्यास तीन-चार आठवडे कडक राहतात. फ्रीज नसेल तर थंड खोलीत किंचित ओलसर वाळूच्या थरांत आठ-दहा दिवस निभावतात.

जास्त माल हाती आला तर सालीसकट उकडून, सोलून, फोडी करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. व्हिनेगरमधले बीटही फ्रीजमध्येच ठेवावे. नुसत्या मिठाच्या पाण्यात बरणी घट्ट बंद करून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. कच्चे सोनेरी बीट चिरल्यावर काळपट पडते, म्हणून फोडींना लगेच लिंबू लावावे.

बीट हे द्विवार्षिक पीक आहे. फुलोऱ्यासाठी त्याला दीर्घ, कडक थंडी लागते आणि ती महाराष्ट्राच्या मैदानी भागात मिळत नाही. त्यामुळे घरचे बी धरता येत नाही, उरलेले पाकीट मात्र जपता येते. हवाबंद डबीत, कोरड्या जागी किंवा फ्रीजमध्ये ठेवलेले बी दोन-तीन हंगाम चालते. डबीवर खरेदीचे वर्ष लिहावे आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून उगवण पाहावी. पाचांहून कमी गुच्छ उगवले तर नवे पाकीट आणावे.