जिल्हा जिंकला, की आय-लीग?

प्रश्न : पुतण्या आमच्या तालुक्याच्या फुटबॉल संघातून खेळतो. संघाने जिल्हा स्पर्धा जिंकली तर आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळतो का? एक जण पैसे घेऊन निवडीची हमी देतो आहे.
– एक वाचक, आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : थेट प्रवेश नाही, पण वाट बंदही नाही. ही एक शिडी आहे. तळाशी राज्याच्या लीग, मग २०२३मध्ये सुरू झालेली आय-लीग ३, तिच्यावर आय-लीग २ आणि आय-लीग. आय-लीग ३साठी क्लबचे नाव राज्य संघटना सुचवते. महाराष्ट्रात ती ‘विफा’. पुढे चढ-उतार गुणांवर ठरतो. २०२२-२३मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून तिच्याही वरच्या आयएसएल या लीगमध्ये गेला, तर मुंबईचा केंकरे एफसी खाली घसरला.

संघाला वेळ लागेल, पण खेळाडू एकटाही पुढे जाऊ शकतो. नागपूरच्या जिल्हा लीगमधल्या क्लबांच्या चाचण्यांना पुतण्याला पाठवा. निवड झाल्यावर नोंदणी क्लबमार्फत होते.

पैसे मात्र देऊ नका. निवडीची हमी कुणीच देऊ शकत नाही. चाचणीची खात्री थेट क्लबकडे करा. स्पर्धांचे नियम हंगामागणिक बदलतात, तेही तपासा. शिक्षण सुरू राहू द्या, दोन्ही जमते.