लिनक्ससाठी लॅपटॉप घेताय? सातपूरकरांसाठी खर्चाचा हिशेब

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या धडधाकट ऑफिस लॅपटॉपना विंडोजच्या गिऱ्हाइकाकडून पूर्वीसारखी मागणी नाही. लिनक्सला मात्र त्यांचं काही वावडं नाही. आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा असो की एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट करून संध्याकाळी पायथॉन शिकणारा कामगार, त्याने हप्त्यावर नवा लॅपटॉप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थिंकपॅड टी४७०, लॅटिट्यूड ५४८० किंवा एलिटबुक ८४० जी४ रिफर्बिश्ड घेतला, तर आय५, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह अंदाजे १४ ते १८ हजार धरा. टी४८०ला आणखी चार-सहा हजार लागतील, पण टी४७०च्या दोन कोअरच्या जागी चार मिळतात. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याने हा फरक जरूर मोजावा. शिवाय बॅटरीसाठी तीनेक हजार बाजूला ठेवा.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. घरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून न्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा; इन्स्टॉल करावं लागत नाही. वायफाय जोडा, आवाज आणि कॅमेरा बघा, प्रत्येक बटण दाबा. झाकण मिटून पुन्हा उघडा, स्क्रीन जागी झाली पाहिजे. मग पॉवर स्टॅटिस्टिक्समध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी वाचा. २४ वॉट-अवरची बॅटरी १३वर आली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. वायफाय कार्ड इंटेलचं असलेलं बरं. ब्रॉडकॉमला बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. फिंगरप्रिंट चाललं नाही तर सोडून द्या. पण बायॉस पासवर्ड मागत असेल, तर किंमत कितीही कमी असो, तो लॅपटॉप घेऊ नका. थिंकपॅडवर तो पासवर्ड काढायचा म्हणजे मदरबोर्डलाच हात घालणं आलं.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर आणि किमान सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या.

सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स आणि टॅली लिनक्सवर थेट चालत नाहीत. रोजची ड्रॉइंग किंवा हिशेब त्यांवरच असतील, तर आठव्या पिढीचा लॅपटॉप आणि ५१२ जीबी एसएसडी घेऊन विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा. पत्रं, कोटेशन, हजेरीच्या शीटला लिबरऑफिस पुरतं. मराठी इनस्क्रिप्टही चालतं. शिकण्यासाठी क्लासची फी भरण्याआधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे बघा. ते मराठीत आहेत आणि फुकट आहेत.