उन्हावर तापविलेले पाणी

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे कावेरीकाठचे, भातशेतीसाठी प्रसिद्ध असलेले नगर. जुन्या येडतोरे गावाला पुराचा तडाखा बसल्यानंतर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते वसविण्यात आले आणि म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचे नाव त्याला देण्यात आले. येडतोरे येथील शिवमंदिरातील देवता अर्केश्वर या नावाने ओळखली जाते. अर्क म्हणजे सूर्य.

या भागातील जुन्या घरांच्या न्हाणीघरात चुलीवर तांब्याचा मोठा हंडा कायमचा बसविलेला असे. मराठी घरात बंब जे काम करी, तेच काम तेथे हा हंडा करी. सरपण गोळा करणे, ते वाळविणे आणि पहाटे उठून जाळ घालणे ही कामे बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येत. पुढे विजेचा गीझर आला. घरातील धूर गेला, पण जळण मात्र टळले नाही. ते दूरच्या वीजकेंद्रात जळू लागले. कोळशापासून वीज निर्माण करताना त्यातील सुमारे एक तृतीयांश उष्णताच विजेच्या रूपाने हाती येते. ती वीज पुन्हा केवळ स्नानाचे पाणी कोमट करण्यासाठी खर्च करावी, हा व्यवहार तोट्याचा आहे. स्नानाला ४० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी पुरते आणि एवढी उष्णता घराच्या गच्चीवर रोज विनामूल्य उतरत असते.

यातील हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४ युनिट विजेइतकी उष्णता लागते. दक्षिण कर्नाटकात निरभ्र दिवशी एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारणतः ५ युनिट इतकी सौर ऊर्जा पडते. तिचा निम्मा भाग जरी पाण्यात उतरला, तरी दोन चौरस मीटरचा तापक पुरेसा होतो. ६० अंशांच्या या १०० लिटर पाण्यात थंड पाणी मिसळले असता स्नानायोग्य असे सुमारे २३० लिटर पाणी मिळते. चार-पाच माणसांच्या कुटुंबाची गरज त्यात सहज भागते.

तापकाची रचनाही गुंतागुंतीची नाही. काळा लेप दिलेला धातूचा पत्रा ऊन शोषून घेतो व त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांतील पाणी तापवितो. वरची काच प्रकाशाला आत येऊ देते, परंतु तापलेल्या पत्र्यातून निघणारी उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. स्वित्झर्लंडमधील होरेस द सोस्यूर याने १७६७ साली काचेची झाकणे असलेल्या पेटीत हेच तत्त्व पडताळून पाहिले होते. ६० अंशांचे एक लिटर पाणी २५ अंशांच्या एक लिटर पाण्यापेक्षा सुमारे १४ ग्रॅमने हलके असते. एवढ्याशा फरकामुळे तापलेले पाणी आपोआप वर चढते आणि थंड पाणी खाली येते. टाकी तापकाच्या वर बसविली, तर पंपाची गरजच उरत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. ऊन दुपारी असते आणि पाणी पहाटे लागते. म्हणून तापकाइतकेच महत्त्व टाकीभोवतीच्या उष्णतारोधक आवरणाला आहे. पाणी वापरण्याच्या सवयीचाही येथे संबंध येतो. टाकीतून गरम पाणी घेतले की खालून थंड पाणी आत येते. सकाळी घेतलेल्या पाण्याची भरपाई त्याच दिवशीच्या उन्हात तापते. संध्याकाळी भरपूर पाणी घेतल्यास मात्र आत आलेले थंड पाणी सकाळपर्यंत थंडच राहते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतची नळी लांब असेल, तर प्रत्येक वेळी तिच्यात साचलेले थंड पाणी वाया जाते. म्हणून टाकी न्हाणीघराच्या शक्य तितकी जवळ असावी.

तापकाची दिशाही विचारपूर्वक ठरवावी लागते. कृष्णराजनगर सुमारे साडेबारा अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये तेथे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ५४ अंश उंचीवर असतो. गरम पाण्याची निकड हिवाळ्यात अधिक असल्याने तापक दक्षिणाभिमुख ठेवून २० ते २५ अंशांचा कल द्यावा. शेजारच्या नारळीची सावली उन्हाळ्यात लांब राहिली, तरी हिवाळ्यात ती तापकावर पडू शकते, हेही पाहून ठेवावे. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी विजेची जोड ठेवावी लागते. मात्र तिची कळ कायम चालू ठेवली, तर सूर्याचे काम वीजच करू लागते.

दुसरा शत्रू म्हणजे क्षार. कूपनलिकेचे जड पाणी तापले की त्यातील चुना नळ्यांच्या आत बसतो. हा थर उष्णतेला अडवितो व पुढे पाण्याची वाटही बंद करतो. जेथे पाणी जड आहे, तेथे वेळोवेळी नळ्या साफ करून घेणे किंवा तापकातील पाणी वेगळे ठेवून त्याची उष्णता वापराच्या पाण्याला देणारी रचना निवडणे हिताचे ठरते.

२००७ साली कर्नाटक शासनाने शहरी भागातील अनेक प्रकारच्या इमारतींना सौर जलतापक बंधनकारक केला आणि वीजबिलातही काही सवलत देण्यात येऊ लागली. नियमामुळे तापक गच्चीवर पोहोचतो. पाणी तापते ते योग्य जागा, स्वच्छ काच आणि मोकळ्या नळ्या यांमुळे. या तिन्हींकडे दुर्लक्ष झाले की तापक तसाच पडून राहतो, न्हाणीघरात पुन्हा गीझर लागतो आणि कुटुंबाला दोन्हींचा खर्च सोसावा लागतो. हंड्याखालचा जाळ रोज पाहावा लागे. या तापकाकडे महिन्यातून एकदा लक्ष दिले, तरी पुरते. परंतु तेवढे मात्र दिलेच पाहिजे.